भाड्याचं घर बघताना : टोकन देण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, गणेशोत्सवातल्या एका संध्याकाळी सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘बँकेतले दिवस’. मी त्यांना म्हटलं, साहेब, रिटायर माणसाच्या बँकेतल्या आठवणी त्याच्या घरातले सुद्धा ऐकत नाहीत, सोसायटी काय ऐकणार? त्यापेक्षा उपयोगाचं काहीतरी बोलतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण नाशिकच्या या आवारात राहायला आलो, तेव्हा आपली मुलं सायकल शिकत होती. आज त्यातली कितीतरी मुलंमुली नोकरीसाठी बाहेर पडली आहेत. कुणी हिंजवडीला, कुणी ठाण्याला, कुणी बंगळुरूला. प्रत्येकाला पहिला प्रश्न पडतो तो घराचा. आणि घर म्हणजे भाड्याचं घर.

विकत घर घेताना आपण वकील बघतो, इंजिनिअर बघतो, सासऱ्यांचं मत घेतो, मुहूर्त बघतो. भाड्याचं घर मात्र रविवारी दुपारी वीस मिनिटांत ठरतं. एजंट म्हणतो, “काका, संध्याकाळी अजून दोन पार्ट्या येणार आहेत.” की लगेच मोबाइल काढून पाच हजार टोकन! मला आज एवढंच सांगायचं आहे की जे काही बघायचं, विचारायचं, मोजायचं ते टोकन देण्याआधी. एकदा टोकन दिलं की आपण घर तपासत नाही, आपण त्या घराची बाजू घेऊ लागतो. भिंतीवर ओल दिसली तरी म्हणतो, “चालायचंच, पावसाळा आहे.”

बदलीच्या नोकरीमुळे रत्नागिरी, अकोला, लातूर, सांगली धरून नऊ भाड्याच्या घरांत आमचा संसार झाला. शिवाय नोकरीतली बरीच वर्षं कर्ज विभागात गेली, म्हणजे दुसऱ्यांची घरं आणि त्यांचे कागद तपासण्यात. त्या दोन्हींतून जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात हिशोबापासून. घर बघायला निघण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. समजा दोन फ्लॅट आहेत. पहिल्याचं भाडं महिना २०,००० रुपये, मेंटेनन्स त्यातच, डिपॉझिट ५०,०००. दुसऱ्याचं भाडं १८,००० रुपये, मेंटेनन्स २,५०० वेगळा, डिपॉझिट १,५०,०००. दोन्हीकडे एजंटला एक महिन्याचं भाडं. आता कुणीही म्हणेल, दुसरा स्वस्त, दोन हजार वाचले.

अकरा महिन्यांचं मांडून बघा. पहिल्याला भाडं २,२०,००० आणि दलाली २०,०००, झाले २,४०,०००. डिपॉझिटचे पैसे मुदत ठेवीत असते तर सात टक्क्यांनी साधारण ३,२०० रुपये व्याज मिळालं असतं, ते बुडालं. एकूण २,४३,२००. दुसऱ्याला भाडं आणि मेंटेनन्स मिळून २,२५,५००, दलाली १८,०००, बुडालेलं व्याज साधारण ९,६००. एकूण २,५३,१००. म्हणजे ‘स्वस्त’ घर जवळजवळ दहा हजारांनी महाग पडलं, आणि एक लाख रुपये जादा अडकले ते वेगळेच. त्यात ऑफिसला जायचा रिक्षाचा किंवा पेट्रोलचा खर्च धरा. सोडताना रंगरंगोटीचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार असतील तर तेही धरा. मग कुठलं घर परवडतं ते ठरवा.

आता घर बघणं. घर एकदा बघू नये, दोनदा बघावं. एकदा सकाळी पाणी यायच्या वेळेला आणि एकदा रात्री नऊ-दहाला. सकाळी गेलात की सगळे नळ उघडा, फ्लश ओढून बघा, वरच्या मजल्यावर धार किती येते ते बघा. महापालिकेचं पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकर लागतात का, आणि लागले तर पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे, हे एजंटला नाही, वॉचमनला विचारा. लातूरला आम्ही राहत होतो तेव्हा घर ठरवायचं ते पाण्याच्या टाकीवरूनच. २०१६ साली त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे आपल्याला आठवत असेलच.

रात्री गेलात की वेगळंच घर दिसतं. जिन्यात दिवे आहेत का, पार्किंगमध्ये आपल्या गाडीला जागा खरोखर आहे का, खाली कुठलं दुकान, हॉटेल किंवा मंगल कार्यालय आहे का, मुलीला नऊ वाजता रिक्षातून उतरून एकटीने यायला रस्ता बरा आहे का. घरात कोपऱ्यात उभं राहून मोबाइलला रेंज येते का तेही बघा. आजकाल निम्मी नोकरी घरातूनच असते.

भिंतीकडे बघताना सगळी भिंत बघू नका, नवा रंग कुठे लावलाय ते बघा. सगळी खोली जुनी आणि एकाच कोपऱ्यात ताजा रंग, म्हणजे तिथे ओल होती. बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीच्या खालचा भाग आणि वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली येणारं छत, या तीन ठिकाणी हात लावून बघा. भिंतीतलं कपाट उघडून वास घ्या. रत्नागिरीच्या एका पावसाळ्यात आमच्या कपाटातल्या पुस्तकांना बुरशी आली, तेव्हापासून आमच्या सौ. कुठल्याही घरात गेल्या की आधी कपाटाचा वास घेतात. अकोल्याला उलटं. तिथे वरचा मजला आणि पश्चिमेची खिडकी म्हणजे मे महिन्यात तव्यावर राहणं. म्हणजे गावाप्रमाणे प्रश्न बदलतो. ज्या गावात जाल तिथल्या माणसाला विचारा, “इथे घराला काय त्रास होतो?”

विजेचं बिल बघायला मागा. त्यावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, त्यावरून खर्चाचा अंदाज येतो आणि थकबाकी असेल तर तीही दिसते. गीझरला मोठा प्लग आहे का, सगळी बटणं चालतात का, ते तिथेच बघून घ्या. राहायला गेल्यावर मालकाला फोन करत बसण्यापेक्षा हे बरं.

आणि शेजारी विचारा. खालचा इस्त्रीवाला, दुधवाला, कामाला येणाऱ्या मावशी, यांना त्या घराचं जेवढं माहीत असतं तेवढं मालकालाही नसतं. एकच प्रश्न विचारायचा, “आधीचे लोक का गेले?” बदली झाली म्हणाले तर ठीक. दोन वर्षांत तीन भाडेकरू गेले म्हणाले तर पुढचं विचारा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण घर बघतो, पण घर देणारा माणूस बघत नाही. घर चांगलं असून भागत नाही. ज्याच्या हातात आपण दीड लाख देतो त्याची स्थिती काय आहे?

एक प्रसंग सांगतो. शहराचं नाव सांगत नाही, बँकेचंही नाही. थकलेल्या गृहकर्जात सरफेसी कायद्याखाली, म्हणजे २००२ च्या कायद्याने, एका फ्लॅटचा ताबा घ्यायला आम्ही गेलो होतो. कर्जदाराला मागणीची नोटीस जाऊन, साठ दिवसांची मुदत संपून, पुढची सगळी प्रक्रिया झालेली होती. आम्हाला वाटलं फ्लॅट बंद असेल. दार उघडलं एका तरुण बाईने. कडेवर वर्षाचं मूल, आत कुकरची शिट्टी. चार महिन्यांपूर्वीच ते भाड्याने राहायला आले होते. डिपॉझिट दिलं होतं, भाडं वेळेवर देत होते. त्यांनी करारनामा दाखवला. नोटरीचा शिक्का मारलेला, नोंदणी नसलेला, आणि तारीख आमच्या नोटिशीच्या नंतरची. त्या कायद्यात स्पष्ट आहे की मागणीची नोटीस मिळाल्यावर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीशिवाय ती जागा कुणाला विकता किंवा भाड्याने देता येत नाही. मालकाने ते लपवून यांना जागा दिली होती, बहुधा डिपॉझिटच्या रकमेसाठीच. त्यांचे यजमान ऑफिसातून धावत आले. त्यांचा काहीही गुन्हा नव्हता, आणि तरी घर त्यांना सोडायचं होतं. सामान हलवायला त्यांना थोडे दिवस मिळाले, डिपॉझिटसाठी मात्र मालकाच्या मागे फिरणं त्यांच्या नशिबी आलं. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. तो सारखा एकच म्हणत होता, “पण साहेब, आम्ही तर घर नीट बघून घेतलं होतं.”

घर नीट बघितलं होतं, यात शंका नाही. मालकाकडे कुणी बघितलं नव्हतं.

म्हणून टोकन देण्याआधी मालकाकडे चार कागद मागा. पहिला, मालकीचा : सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट किंवा खरेदीखताचा इंडेक्स टू. दुसरा, चालू घरपट्टीची पावती. तिसरा, सोसायटीच्या मेंटेनन्सची अलीकडची पावती. चौथा, फ्लॅटवर कर्ज आहे का हे विचारा, आणि असेल तर कर्जखात्याचा ताजा उतारा. कर्ज असणं वाईट नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरावर कधी ना कधी होतंच. हप्ते थकलेले असणं वाईट. आणि माझा अनुभव सांगतो, ज्याचे बँकेचे हप्ते थकतात त्याचा सोसायटीचा मेंटेनन्स बहुधा आधीच थकलेला असतो. त्यामुळे तिसरी पावती सर्वांत बोलकी. त्या सोसायटीच्या ऑफिसात पाच मिनिटं जाऊन या. कर्जाचा बोजा सोसायटीकडे नोंदवलेला असतो आणि बँकेची नोटीस आली असेल तर तीही तिथे माहीत असते.

कागदावरचं नाव आणि समोरचा माणूस एकच आहे ना, हेही बघा. भाऊ, मेहुणा, मित्र, असं कुणी करार करत असेल तर कुलमुखत्यारपत्र बघा. फ्लॅट नवराबायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या घ्या. भाडं बँकेतूनच द्या, तेही मालकाच्याच खात्यावर. “रोख द्या, शंभर-दोनशे कमी करतो” या मोहात पडू नका. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी ऑफिस मालकाचा पॅन मागतं. तो देणार का, हे आधीच विचारून घ्या.

मालक रागावला तर? खरा मालक रागावत नाही, कारण तोही तुमचं आधार कार्ड आणि ऑफिसचं पत्र मागतच असतो. कागद विचारल्यावर जो रागावतो, त्याच्याकडे टोकन देऊ नका. सध्या आणखी एक प्रकार चालतो. इंटरनेटवर सुंदर फोटो, भाडं निम्मं, आणि मालक म्हणतो मी बाहेरगावी बदलीवर आहे, घर दाखवण्याआधी गेट पाससाठी थोडे पैसे पाठवा, नाहीतर हा क्यूआर कोड स्कॅन करा. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. न बघितलेल्या घरासाठी एक रुपयासुद्धा पाठवायचा नाही.

आता करार. आपल्याकडे एक समजूत पक्की बसली आहे की करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लीव्ह अँड लायसन्स असो की भाडेपट्टा, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो किंवा तीन वर्षांचा. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नोंदणी नसताना अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे इथे बसलेल्या घरमालकांनीही लक्षात ठेवावं.

खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क पाव टक्का. मघाच्या पहिल्या फ्लॅटच्या हिशोबाने साधारण साडेपाचशे-पावणेसहाशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. ऑनलाइन करणाऱ्याची मजुरी वेगळी. एवढ्यासाठी दीड लाखाचं डिपॉझिट कच्च्या कागदावर ठेवायचं का, तुम्हीच ठरवा.

करारात चार ओळी नीट वाचा. लॉक-इन किती महिन्यांचं, आणि त्याआधी सोडलं तर काय? नोटीस किती दिवसांची, आणि ती दोघांनाही सारखीच आहे ना? डिपॉझिटमधून काय काय कापणार, आणि उरलेलं कधी परत करणार? मोठी दुरुस्ती कुणी करायची? “तोंडी ठरलंय” म्हणजे काही ठरलेलं नाही. तोंडी ठरलेली गोष्ट लिहायला कुणी नकार देत असेल तर ती ठरलेलीच नव्हती असं समजा. तसंच, मुदत संपल्यावर जागा अडवून बसू नका. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर राहिलात तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

ताबा घ्याल त्या दिवशी सामान आत आणण्याआधी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग लिहा, पंखे, दिवे, पडदे-पाइप यांची यादी दोघांच्या सहीने करा. सोडताना चावी आणि डिपॉझिट यांची देवाणघेवाण एकाच दिवशी.

इथपर्यंत मुलांसाठी बोललो. आता दोन मिनिटं आपल्यासाठी. आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांपूर्वी भाड्याने दिलेला फ्लॅट एखादाच होता. आज प्रत्येक मजल्यावर सापडेल. म्हणजे कुणाचं तरी पोर आपल्याही गेटवर येऊन वॉचमनला विचारतं, “पाणी किती वेळ येतं हो?” आपलं उत्तर काय असतं?

आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सोसायटीला कळवायचं, नोंदणीकृत कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क घेता येतं, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि ते सभासदाने द्यायचं असतं. मग “बॅचलर नको”, “अमुक जेवणारे नको”, “अमुक आडनाव नको” असं आपण कोणत्या अधिकारात म्हणतो? आपलीच मुलगी हिंजवडीत घर शोधत फिरते आणि तिला “एकट्या मुलीला देत नाही” म्हणतात, तेव्हा आपल्याला किती लागतं!

माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने एक पानाचा कागद तयार करा. पाण्याच्या वेळा, मेंटेनन्समध्ये काय येतं, पार्किंगचे नियम, लिफ्टला जनरेटर आहे की नाही. घर बघायला येणाऱ्याच्या हातात तो द्या. आणि कुणी भावी भाडेकरू ऑफिसात येऊन विचारू लागला तर “मालकाला विचारा” म्हणून हाकलू नका. जे सांगण्यासारखं आहे ते खरं सांगा. मघाच्या त्या तरुणाला त्याच्या सोसायटीतल्या एखाद्याने टोकनच्या आधी दोन वाक्यं सांगितली असती तर त्याचा संसार वाचला असता. नोटीस तिथल्या ऑफिसात माहीत असणारच.

भाडेकरू आपल्याकडे अकरा महिने राहतो, नाहीतर पाच वर्षं. त्या काळात त्याचं मूल आपल्या बागेत खेळतं, गणपतीच्या आरतीला तो टाळ्या वाजवतो, आणि लिफ्ट बंद पडली तर आपल्या पिशव्या वर नेऊन देतो. आज समोर बसलेल्यांतही चार-पाच कुटुंबं भाड्याने राहणारी आहेत. त्यांची नावं स्मरणिकेतल्या रहिवाशांच्या यादीत आहेत ना, हे सेक्रेटरींनी कृपया बघावं.

वेळ संपत आला, आणि वडापावचा वासही आला. ज्यांना कुणाला करारनामा दाखवायचा असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर बागेतल्या बाकावर यावं. मी तिथेच असतो. चष्मा मी आणतो, कागद तुम्ही आणा. फक्त टोकन देण्याआधी या.

गणपती बाप्पा मोरया!